वाळूवर चढलेली कुरसुरा

पाणबुडी ही मुळात कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून बांधलेली वस्तू. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर मात्र ‘कुरसुरा’ रोज संध्याकाळी सगळ्या गावासमोर उभी असते. पुढ्यात मुरी मिक्चरच्या गाड्या, फुगेवाले, समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढणारी कॉलेजची पोरे, आणि त्यांच्यामागे 91 मीटर लांबीचा काळा लोखंडी देह. पहिल्यांदा बघणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो. बंदरात उभ्या असलेल्या पाणबुडीची फक्त पाठ दिसते, बाकीचे सगळे पाण्याखाली. इथे तळापर्यंतचा देह उघडा आहे. मागे गेलात तर तीन पंखे दिसतात आणि समोरून पाणतीर सोडण्याच्या नळ्यांची जागा. पाण्यात असताना जे शत्रूला कळू द्यायचे नाही, ते सगळे आता शाळेच्या सहलीला दाखवले जाते.

तिच्या अंगात दोन दारे आहेत. बोट रशियात बांधली तेव्हा ती नव्हती. आतल्या जाड कवचाला नौदलात प्रेशर हल म्हणतात, आणि पाण्याखाली या कवचाला छिद्र पडणे म्हणजे आतल्या सगळ्यांचे मरण. खलाशी वरच्या झाकणांतून शिडीने आत उतरत. साडी नेसलेल्या आजीबाईंना आणि पहिलीतल्या मुलांना तसे उतरवणार कसे? म्हणून पुढे एक आणि मागे एक दार कापले, त्यांना जिने लावले. माझ्या मते या संस्थेचा इतिहास त्या कापलेल्या दारांपासून सुरू होतो. त्या दिवशी ती पाणबुडी राहिली नाही, संग्रहालय झाली.

पण ती इथवर आली कशी, हे सांगायला थोडे मागे जायला हवे, आणि त्या गोष्टीत दोन मराठी माणसे भेटतात.

1964 मध्ये पाकिस्तानच्या नौदलाकडे अमेरिकेची ‘डायाब्लो’ ही पाणबुडी ‘गाझी’ या नव्या नावाने आली. आपल्याकडे तेव्हा एकही नव्हती. काही अधिकारी आणि खलाशी ब्रिटनमध्ये पाणबुडीचे शिक्षण घेऊन आले होते, पण हातात बोट नाही. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. पहिली विचारणा ब्रिटनकडे झाली; उधारीवर नव्या पाणबुड्या द्यायला ब्रिटन तयार झाले नाही. यशवंतराव 1964 मध्ये मॉस्कोलाही जाऊन आले होते. सप्टेंबर 1965 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि त्यात चार पाणबुड्या ठरल्या. यशवंतरावांचे दिल्लीला जाणे आपल्याकडे सह्याद्री आणि हिमालय यांच्या एका वाक्यात अडकून बसले आहे. समुद्राच्या बाजूचा हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

पहिली ‘कलवरी’ 8 डिसेंबर 1967 रोजी नौदलात दाखल झाली. पाणबुडी दल आजही याच तारखेला आपला दिवस पाळते. मग 1968 मध्ये ‘खांदेरी’, 1969 मध्ये ‘करंज’. खांदेरी म्हणजे थळच्या किनाऱ्यासमोरचा शिवकालीन जलदुर्ग, आणि करंज म्हणजे उरणचे करंजा बेट. रशियन पोलादाला रायगड जिल्ह्याची नावे लागली. चौथी ‘कुरसुरा’. 18 डिसेंबर 1969 रोजी रीगा येथे तिच्यावर तिरंगा चढला. त्या वेळी सुएझ कालवा बंद होता. त्यामुळे बाल्टिक समुद्रातून निघालेल्या या नव्या कोऱ्या बोटीला आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून घरी यावे लागले. नवख्या खलाशांसाठी याहून चांगली शाळा नव्हती.

अशा लेखात पराक्रमाची यादी असावी अशी अपेक्षा असते. कुरसुराच्या बाबतीत ती यादी फुगवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर 1971 मध्ये ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. हुकूम असे की व्यापारी जहाजांच्या वाटा ओलांडायच्या नाहीत, ओळख पटल्याशिवाय काही करायचे नाही, आणि युद्धनौकेवर हल्ला करायचा तोही वरून स्पष्ट आज्ञा आल्यावरच. महिन्याच्या अखेरीस तिने समुद्रातच करंजची गाठ घेऊन तिला सूचना पोचवल्या आणि ती परत फिरली. पाकिस्तानशी युद्ध जाहीर झाले तेव्हा ती घरच्या वाटेवर होती. तिने एकही पाणतीर शत्रूवर सोडला नाही. हात बांधलेल्या स्थितीत, दम धरून, पाण्याखाली दिवसचे दिवस काढणे हेच तिचे युद्ध. याला पदक मिळत नाही, आणि ते फलकावर चार ओळींत लिहिताही येत नाही.

खरी घडामोड झाली ती दुसऱ्या किनाऱ्यावर, या संग्रहालयाच्या अगदी समोरच्या पाण्यात. ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू जहाजाच्या शोधात आलेली गाझी 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, आतल्या सर्वांसह. विक्रांत तेव्हा तिथे नव्हतीच. ती अंदमानकडे लपवून ठेवलेली होती आणि ती इथेच आहे असा भास ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकरवी निर्माण केला होता. राजपूतने टाकलेल्या स्फोटकांनी गाझी फुटली की तिच्याच सुरुंगांनी, यावर दोन देशांत दोन मते आहेत. ती आजही तळाशी पडून आहे. या विजयाचे स्मारक पूर्व नौदल कमांडने 1996 मध्ये याच बीच रोडवर उभारले. म्हणजे आधी स्मारक आले, पाणबुडी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी.

कुरसुराच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग युद्धानंतरचा आहे, आणि त्यावर सहसा कोणी बोलत नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रशियन सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते. बहिणी चालू ठेवायच्या तर एकीला बसवून ठेवावे लागणार होते. ती एक कुरसुरा. तिचे भाग काढून दुसऱ्या बोटींना लावले गेले. एसटीच्या आगारात कोपऱ्यात उभी असलेली, चाके काढलेली गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. अशी गाडी बहुधा भंगारातच जाते. कुरसुरा गेली नाही. सप्टेंबर 1980 ते एप्रिल 1985 अशी साडेचार वर्षे तिची मोठी दुरुस्ती चालली आणि ती पुन्हा पाण्यात उतरली. त्यानंतर आणखी जवळजवळ सोळा वर्षे चालली. खांदेरी 1989 मध्येच सेवेतून गेली. तिचा फिन, म्हणजे पाठीवरचा उभा मनोरा, तेवढा विशाखापट्टणमच्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रात, ‘सातवाहन’मध्ये, संचलनाच्या मैदानावर जपून ठेवला आहे. जिचे भाग काढून बहिणींना जगवले, चौघींपैकी तीच एकटी अखंड उरली.

27 फेब्रुवारी 2001 रोजी ती सेवामुक्त झाली. 31 वर्षे आणि 73,500 सागरी मैल. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे पुढचा मुक्काम भंगाराच्या धक्क्यावर, नाहीतर नेमबाजीचे लक्ष्य म्हणून समुद्राच्या तळाशी. तिला किनाऱ्यावर आणून लोकांना दाखवावे ही कल्पना पूर्व नौदल कमांडचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल विनोद पसरिचा यांची. गंमत म्हणजे पसरिचा स्वतः वैमानिक. नौदलात वैमानिक आणि पाणबुडीवाले यांचे नाते शिकारी आणि सावज असे असते, आणि सावजाला वाचवायला निघाला तो शिकारीच. राज्य सरकारने कल्पना उचलली. विशाखापट्टणम नागरी विकास प्राधिकरण, ज्याला गावात सगळे ‘वुडा’ म्हणत, त्याच्याकडे काम आले.

काम सोपे नव्हते. सुमारे 2,000 टनांची वस्तू, चाके नाहीत, खाली वाळू, आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा जिथे थेट येऊन आपटतात असा उघडा किनारा. बंदरातून टगने ओढून आणणे हा त्यातला सोपा भाग. लाटांच्या पट्ट्यातून काढून, किनाऱ्यावर ओढत आणून, काँक्रीटच्या बैठकीवर सरळ बसवायचे आणि ते करताना देह पिळवटू द्यायचा नाही, हा खरा भाग. जहाज पाण्यात असते तेव्हा त्याला चहूबाजूंनी पाण्याचा आधार असतो. जमिनीवर सगळे वजन मोजक्या टेकूंवर येते. सेवामुक्तीपासून धरले तर दीड वर्ष गेले आणि खर्च झाला साडेपाच कोटी रुपये. 9 ऑगस्ट 2002 रोजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि 24 ऑगस्टपासून ती लोकांसाठी खुली झाली. दक्षिण आशियातले पाणबुडीचे हे पहिले संग्रहालय.

इमारत, म्हणजे बोट, तयार झाली. पण संग्रहालय माणसांवर चालते. इथे एक शहाणा निर्णय झाला. माहिती सांगायला पाठ केलेली पोपटपंची करणारे तरुण न ठेवता नौदलातून निवृत्त झालेली माणसे घेतली. या निर्णयाचे मोल आत गेल्यावर कळते. पुढच्या दारातून शिरलात की सहा पाणतीर नळ्यांच्या गोल झाकणांसमोर उभे राहता. बाजूला पाणतीर, आणि त्यांच्याच शेजारी, वरती, झोपायच्या फळ्या. इथे कोण झोपायचे, असे कोणीतरी विचारतेच. सांगणारा हाताने फळी थोपटतो. त्याला उत्तर पाठ करावे लागलेले नाही.

तिथून मागे जायचे तर गोल भोकांसारख्या दारांतून. आधी पाय, मग कंबर, शेवटी डोके; हा क्रम उलटा केला की कपाळाला टेंगूळ. नवखे सगळे डोके आधी घालतात. सात कप्पे, सुमारे 75 माणसे, आणि चालायला एक चिंचोळी वाट, जिच्यात समोरून कोणी आले तर एकाने भिंतीला चिकटायचे. अधिकाऱ्यांच्या खोल्या म्हणाव्यात तर आपल्याकडच्या रेल्वेच्या डब्यातले कूपे त्यापेक्षा ऐसपैस. स्वयंपाकघर देवघराएवढे. गोडे पाणी मोजके, म्हणून आंघोळ हा विषयच नाही. उपकरणांवर जागोजाग रशियन अक्षरांच्या पितळी पट्ट्या आहेत. तबकड्या, झडपा, नळ्या, पुन्हा झडपा. मधल्या कक्षात पेरिस्कोप. त्याच्या मुठी असंख्य हातांनी धरून गुळगुळीत झाल्या आहेत, आणि आता त्यात पर्यटकांच्या हातांची भर पडते आहे. मागे तीन डिझेल इंजिने. बोट पृष्ठभागाजवळ असताना ती चालायची, बॅटऱ्या भरायच्या. खोल गेले की इंजिने बंद आणि बॅटरीवर संथ चाल. आता यंत्रे थंड आहेत आणि वातानुकूलन चालू आहे. हीच एक गोष्ट इथे खोटी वाटते. डिझेलचा वास, घाम, स्वयंपाकाची फोडणी आणि न धुतलेले कपडे यांच्या मिश्रणाशिवाय पाणबुडी पुरती कळत नाही. पण तो वास ठेवला असता तर तिकिटे खपली नसती हेही खरे.

संग्रहालयाचा पुढचा इतिहास मुख्यतः गंजाचा आहे. समुद्रात जहाज वापरात असते तेव्हा ते ठरावीक काळाने गोदीत जाते, खरवडले जाते, रंगवले जाते. वाळूवरच्या बोटीला गोदी नाही, आणि खारे वारे मात्र चोवीस तास. वर्षे गेली तसे बाहेरचे पत्रे कुजले, कापून बदलावे लागले, पुन्हा रंग, पुन्हा गंज. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद चक्रीवादळ थेट या शहरावर येऊन धडकले. विमानतळाचे छप्पर उखडले, टेकड्यांवरची झाडी भुईसपाट झाली, कित्येक दिवस वीज नव्हती. कुरसुरा बैठकीवरून हलली नाही. पण त्यानंतर समोरची वाळूच ओसरू लागली. किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू बंदराच्या धक्क्यांपाशी अडते आणि बीच उपाशी राहतो. म्हणून बंदरातून उपसलेली वाळू इथे आणून टाकतात. संग्रहालयाच्या पायाशीही दगड रचावे लागले. समुद्रातून मोठ्या कष्टाने बाहेर काढलेल्या बोटीकडे समुद्र पुन्हा सरकत होता. प्राधिकरणाच्या अभियंत्यांना यात काव्य दिसले असण्याची शक्यता कमी.

पंधरा वर्षे कुरसुरा एकटीच होती. मग समोर पाहुणे आले, तेही रस्त्याच्या पलीकडे.

पहिला पाहुणा म्हणजे टीयू-142. हे विमान आपल्या नौदलात आले ते गोव्यात. 1988 मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर ही आठ रशियन विमाने दाखल झाली, 312 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, ‘अल्बाट्रॉस’ या नावाने. लांबी 53 मीटर, पंखांचा पसारा 50 मीटर, चार इंजिने आणि प्रत्येकावर उलटसुलट फिरणारे दोन दोन पंखे. त्या वेळी वास्कोच्या आसपास राहणाऱ्यांना हे विमान बघायला मान वर करावी लागत नसे, कानच सांगत. 1992 मध्ये ती तमिळनाडूतल्या अरक्कोणमला गेली. 29 वर्षांत 30,000 तास उड्डाण आणि एकही अपघात नाही, अशी कामगिरी करून मार्च 2017 मध्ये ती निवृत्त झाली. त्यांतले एक एप्रिलमध्ये शेवटचे उडून विशाखापट्टणमला ‘देगा’ या नौदलाच्या तळावर उतरले. तिथे ते सुटे केले, ट्रेलरवर लादून गावातून आणले आणि बीच रोडवर पुन्हा जोडले. 7 डिसेंबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्या संग्रहालयाचे उद्घाटन केले.

या विमानाचे काम काय, तर समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालून पाण्याखालची पाणबुडी हुडकणे. ती समोरच, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. मधून रिक्षा आणि बस जातात. ही मांडणी मुद्दाम केली की जागा तिथे मिळाली म्हणून झाली, मला ठाऊक नाही. पण विमानाच्या शिडीवर उभे राहून समुद्राकडे पाहिले की आधी कुरसुराची पाठ दिसते आणि मग पाणी. आता त्यांच्या शेजारी सी हॅरियरचेही दालन आहे. गोव्याच्या ‘हंसा’ तळावरच्या ‘व्हाइट टायगर्स’ तुकडीची ही विमाने 1983 पासून 2016 पर्यंत उडत होती. अमेरिकेकडून ‘जलाश्व’ या जहाजाबरोबर आलेल्या यूएच-3एच हेलिकॉप्टरांपैकी एक इथेच येऊन बसले. वुडाचे नाव मधल्या काळात बदलून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले, कारभार तोच. एकट्या बोटीची जागा आता एका छोट्या आरमाराने घेतली आहे.

हे सगळे बघताना मुंबईकराच्या घशात एक आवंढा अडकतो, आणि त्याबद्दल न बोलणे खोटेपणाचे होईल. गाझी जिला शोधत होती ती विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी सेवामुक्त झाली आणि मुंबईच्या गोदीत संग्रहालय म्हणून उभी राहिली. नौदल सप्ताहात तिच्यावर चढण्यासाठी लायन गेटपाशी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. तिला कायमची जागा आणि सांभाळणारा धनी मिळावा म्हणून योजना झाल्या, समित्या झाल्या. 2012 मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, मग लिलाव, मग न्यायालय, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालला. पुढे ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू जहाजाची पाळी आली. तिला घेण्याची इच्छा आधी आंध्रने दाखवली, नंतर महाराष्ट्राने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिला नेण्याचा 852 कोटींचा बेत मंजूर केला. शेवटी 2020 मध्ये ती भंगारात निघण्यासाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेली. म्हणजे विशाखापट्टणमला सगळे जमते असेही नाही. विमानवाहू जहाज केवढे आणि पाणबुडी केवढी, हा फरक मोठा आहे. 2,000 टनांची वस्तू एका नगर प्राधिकरणाच्या आवाक्यात बसली. 20,000 टनांची कोणाच्याच बसली नाही. पण फक्त आकाराचा प्रश्न होता असे मला वाटत नाही. कुरसुराच्या वेळी कल्पना सुचणे, जागा ठरणे, पैसा उभा राहणे आणि रोजच्या कारभाराला धनी मिळणे या चारही गोष्टी दीड वर्षाच्या आत झाल्या. विक्रांतला सतरा वर्षे मिळाली होती.

कुरसुराला नौदलाने एक मान अजून ठेवला आहे. राष्ट्रीय सणांना आणि नौदलाच्या खास दिवशी चालू सेवेतली जहाजे नाळेपासून वरच्या टोकापर्यंत आणि तिथून मागच्या टोकापर्यंत रंगीत निशाणांची माळ चढवतात. सेवामुक्त जहाजाला हा अधिकार नसतो. कुरसुराला आहे. त्या दिवशी सकाळी माळ चढते, बंदराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जहाजांवरही तशाच माळा दिसतात, आणि तिकीट खिडकी नेहमीच्या वेळेला उघडते.